धर टोक

बाईंची शिंक मला येते. हुबेहूब येते. आधी डोळे मिटायचे, मग डावी भुवई वर चढवायची, मग नाक असं आकसायचं की समोरच्याला वाटावं, गेली, आता काही येत नाही. तो जरा सैल पडला की हाऽऽक्छ्यू! आणि शिंक अजून हवेतच असताना लगेच, "बरं. मग?"

गणपतीत आमच्या आळीत नकलांचा कार्यक्रम होतो तेव्हा पहिली फर्माईश हीच. लोक पोट धरून हसतात. पण जे बाईंच्या हाताखालून गेलेत ते हसता हसता मधेच गप्प होतात आणि नाक पुसायला लागतात. मला स्टेजवरून स्वच्छ दिसतं ना! त्याचं कारण नकलेत सांगता येत नाही. सांगायचं तर आख्ख्या बाई सांगाव्या लागतील, आणि माझा गळा कितीही तयार असला तरी बाई त्यात मावायच्या नाहीत. म्हणून म्हटलं, कागदावर बघू.

आमची प्राथमिक शाळा बंदराच्या चढणीवर. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, खिडकीतून खाली दर्या. बाई चौथीला शिकवायच्या. उंची अशी की हेडमास्तर त्यांच्याशी बोलायच्या आधी उभं राहायला पायरी शोधायचे. नऊवारी लुगडं, पायात पुरुषी वहाणा, काखेत पुरुषी छत्री. ती छत्री मी कधी उघडलेली बघितली नाही. भर आषाढात बाई निथळत यायच्या आणि छत्री काखेत कोरडी. एकदा मी विचारलंच. म्हणाल्या, "आमच्या ह्यांची आहे. त्यांना भिजलेलं चालायचं नाही." बाईंचे हे जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती.

गणितात बाई कच्च्या. फळ्यावर उदाहरण सोडवता सोडवता मधेच अडकायच्या, डोकं खाजवायच्या आणि वर्गातल्या सगळ्यांत ढ पोराला उभं करायच्या. "पुढं काय रे? मला सुचत नाहीये." ते पोर घाम पुसत पुसत फळ्यापाशी जायचं, काहीतरी लिहायचं, बाई म्हणायच्या, "अरे हो की!" मग ते पोर आठवडाभर छाती काढून चालायचं. बाई खरंच कच्च्या होत्या की ते सोंग होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आणि सोंगं ओळखणं हा तर माझा धंदा.

स्वराज्य आलं तेव्हा आम्ही बिगरीत होतो. चौथीत पोचेस्तोवर वरून हुकूम आला होता की पोरांना नुसतं लिहायवाचायला शिकवू नका, हातानं उद्योग शिकवा. बाकीच्या वर्गांनी टकळ्या आणल्या आणि सूत काढायला बसले. बाईंनी टकळी हातात घेतली, फिरवून बघितली आणि परत ठेवली.

"ही एकट्यानं फिरते," त्या हेडमास्तरांना म्हणाल्या. "एकट्यानं फिरायचं माझ्या पोरांना शिकवायला नको. दोघं लागतील असं काहीतरी द्या."

हेडमास्तर नाकातून बोलायचे. जेवणानंतर सुपारी नाकात अडकल्यासारखे. "बाईऽऽ, हुकूम टकळीचा आहेऽऽ."

"हुकूम उद्योगाचा आहे," बाई म्हणाल्या, आणि भाट्याच्या खाडीत कुजत घातलेली नारळाची सोडणं दोन गाड्या भरून आणवली. आम्ही ती बडवली, धुतली, वाळवली. शाळेमागं फणसाखाली काथ्याचा ढीग झाला आणि बाईंचा कारखाना सुरू झाला.

काथ्याची दोरी वळायची ती अशी. बाई पाटावर बसायच्या, मांडीत काथ्या. समोर एका पोराच्या हातात लाकडी फिरकी. बाई म्हणणार, "धर टोक." पोरानं फिरकी गरागरा फिरवत मागं मागं जायचं. बाई काथ्या सोडत राहणार, पीळ बसत जाणार, दोरी लांबत जाणार. सुरुवातीला पोर बाईंच्या गुडघ्याला चिकटलेलं, शेवटी पार विहिरीपाशी.

हा उद्योग सगळ्या वर्गाचा असला तरी फणसाखाली एका वेळी एकच पोर. शिक्षा म्हणून नव्हे, बक्षीस म्हणूनही नव्हे. सकाळी हजेरी घेताना बाई कधी वहीत बघायच्या नाहीत, आमच्या तोंडाकडं बघायच्या. रोज जे पोर "हजर!" म्हणून ओरडतं ते एखाद्या दिवशी नुसतं "हजर" म्हणालं की मधल्या सुट्टीनंतर हाक ठरलेली. "ये रे, धर टोक."

आणि तिथं बाई काही विचारायच्या नाहीत. ही खरी मेख. दुसरा कोणी मास्तर असता तर कान धरून आधी "का?" बाई गप्प. काथ्या सोडतायत, दोरी लांबतेय. पोर चार-पाच हात मागं जाईपर्यंत गप्पच. सहाव्या-सातव्या हाताला हळूच बोलायला लागायचं. मोठा झाल्यावर मी बाईंना विचारलं, हे असं का होतं हो? तेव्हा हसल्या. "अरे, मोठ्या माणसाचा हात पोचत नाही इतकं लांब गेल्याशिवाय पोराला कंठ फुटत नाही. सगळ्यांनी जवळ घेऊन विचारलेलं असतं ना."

आमच्या वर्गात सुमन म्हणून एक होती, चावायची. शाई सांडली, चावली. रांगेत धक्का लागला, चावली. तिला टोक धरायला बोलावलं तेव्हा मी फणसावर चढून बसलो होतो. आठव्या हाताला सुमन म्हणाली, "घरी बाळ झालंय."

"बरं. मग?"

"त्याला एक दात नाही. तरी सगळे त्याचेच लाड करतात."

बाई हसल्या नाहीत. मी वर तोंडात सदरा कोंबला होता. दुसऱ्या दिवशी बाईंनी सुमनच्या आईला निरोप पाठवून बाळ शाळेत आणवलं. बाळ मांडीवरून मांडीवर वर्गभर फिरलं. माझ्यापाशी आलं तेव्हा मी म्हटलं, "माकडासारखं दिसतंय." सुमन मला कडकडून चावली. तो तिचा शेवटचा चावा. बाळाची बाजू घेऊन चावली, हे तिच्याही लक्षात आलं असणार.

आता तपकिरीचं. बाईंच्या कमरेला दोन डब्या असायच्या, एक पितळी, एक पत्र्याची. पितळी डबी त्यांची स्वतःची, पक्की तपकीर. पत्र्याची आमची. तिच्यात सुंठ आणि मिरी वस्त्रगाळ केलेली. दोरीच्या टोकाला पोराला रडू आलं आणि रडायची लाज वाटायला लागली की बाई उठून जायच्या आणि पत्र्याची डबी उघडून त्याच्या नाकाखाली धरायच्या. आपण पितळीतून ओढायच्या. मग दोघंही हाक्छ्यू, हाक्छ्यू, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. पोर वर्गात आलं आणि कोणी म्हणालं, "रडलास काय रे?" की ते ऐटीत सांगायचं, "हट्! बाईंची तपकीर." त्यापुढं कोणी विचारायचं नाही. चौथीतल्या दांडगटातल्या दांडगटानं ही तपकीर ओढली होती.

माझी आई एकदा माझी तक्रार घेऊन आली. मी घरी आजीची नक्कल आजीच्या पाठीमागं करत होतो आणि आजी मागं वळली होती. आई पदर खोचून आली, "बाई, ह्याला जरा दोन..." असं काहीतरी सुरू केलं. बाई म्हणाल्या, "तेवढं टोक धरता का, म्हणजे मारायला कोणाचाच हात मोकळा नाही राहायचा." तासाभरानं आई घरी आली ती लाल नाक घेऊन. मला काही बोलली नाही. आजीलाही त्या दिवशी काही बोलली नाही, आणि हे जास्त विशेष.

तर अशा बाई. आणि त्यांच्या वर्गात मी, सगळ्यांचे आवाज काढणारा. हेडमास्तर, कावळा, बर्फगोळेवाला, विहिरीचा रहाट. माझी एकच अडचण होती. सगळे हसायचे, पण फसत कोणी नव्हतं. नक्कल ऐकून हसणं निराळं आणि फसणं निराळं. मला कोणीतरी फसायला हवं होतं.

माझ्या शेजारी इस्माईल बसायचा. त्याचे अब्बा मोठ्या जहाजावर खलाशी. पावसाळ्याआधी त्यांचं पत्र आलं होतं की दर्या निवळून मुंबईच्या बोटी सुरू झाल्या की मी येतो. पावसाळाभर बोटी बंद. नारळी पौर्णिमा झाली, बोटी सुरू झाल्या. पहिली आली, अब्बा नाहीत. दुसरी आली, नाहीत. पत्रही नाही. बोटीची वेळ वाऱ्यापाण्यावर, त्यामुळं ती कधीही यायची. भोंगा झाला की इस्माईल हात वर करायचा, बाई मान हलवायच्या, आणि तो सुटायचा तो खाली बंदरावर. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, उतारू लहान पडावांतून किनाऱ्याला यायचे. इस्माईल शेवटचा पडाव रिकामा होईपर्यंत थांबायचा, वर यायचा, बाईंकडं बघून मान हलवायचा आणि जागेवर बसायचा. बाई म्हणायच्या, "पान बावीस." बस्स.

म्हणजे आख्ख्या रत्नागिरीत बोटीचा भोंगा इस्माईलइतका कोणाला कळत नव्हता. आणि माझ्या मनात आलं, हा फसला तर आपण खरे.

वाईट मनात नव्हतं, असं मी म्हणणार नाही. मनात तो नव्हताच. नुसता भोंगा होता. आठ दिवस मी बंदरावर कान देऊन शिकलो. शाळेमागं पाण्याचा एक रिकामा डेरा पडला होता, त्यात तोंड घातलं की आवाजाला बोटीचं पोट यायचं. एका सकाळी लघवीची परवानगी काढून मी गेलो आणि वाजवला. लांब, मग आखूड, मग लांब. परत आलो तेव्हा इस्माईलची जागा रिकामी होती. पाटीवरची पेन्सिल अजून गडगडत होती. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू! फसला! आता येईल, चिडेल, मला बुकलेल, मी सगळ्यांना सांगेन.

इस्माईल आला नाही.

आता आमच्या बंदराची एक रीत होती, ती मी विसरलो होतो. दर्या खवळलेला असला की बोट थांबायची नाही. भोंगा द्यायची आणि तशीच पुढं. आमचे उतारू पूर्णगडाला नाहीतर त्याच्याही पुढं उतरायचे आणि पावस गावावरून चालत, खाडी तरीच्या होडीनं ओलांडून मागं यायचे. त्या दिवशी वारा होता. इस्माईल बंदरावर पोचला, बोट नाही. पण भोंगा तर त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलेला. म्हणजे बोट गेली. म्हणजे अब्बा पुढं उतरले. म्हणजे येतायत.

दुसऱ्या दिवसापासून इस्माईल सकाळी तरीवर, दुपारी बंदरावर. पावसकडून येणाऱ्या एकेकाला विचारायचा, "वाटेत माझे अब्बा दिसले काय?" शाळेत यायचा नाही. मधेच अब्बा आले आणि चुकामूक झाली तर?

चौथ्या दिवशी त्याची आई शाळेच्या गडग्यापाशी आली. आम्ही खिडकीत. "बाई, पोरगा ऐकत नाय. अब्बा वाटेवर हायत म्हणतो. माझा भाऊस म्हणतो, शाळेत जात नाय तर होडीवर तरी चल, जाळी ओढायला. इथलं नाव कापलं की तो घेऊन जाणार. मी काय करू, तुमी सांगा."

"नाव कापत नाही मी," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्याची भाकरी तेवढी बंदरावर पोचवा."

पण नाव कापणं हेडमास्तरांच्या हातात होतं. ओळीनं अमुक दिवस गैरहजर की नाव काट, असा नियम. बाईंनी त्यावर तोड काढली. हजेरी घेताना "इस्माईल" म्हणायच्या आणि स्वतःच "हजर" म्हणायच्या. पाचव्या दिवशी हेडमास्तर दारात उभे.

"बाईऽऽ, मुलगा कुठं आहे?"

"बंदरावर."

"मग हजर कसाऽऽ?"

"कुठं आहे ते मला ठाऊक आहे ना! ज्याचा मला पत्ता नाही तो गैरहजर."

"सोमवारी दिपोटीसाहेब शाळा तपासायला येतायत," हेडमास्तर म्हणाले. "डोकी मोजतील. एक डोकं कमी भरलं तर त्याचं नाव तिथल्या तिथं जाईल, आणि तुमचंही काही सांगता येत नाही." हे म्हणताना त्यांचं नाक एकदम मोकळं झालं होतं. ते खरंच घाबरले होते.

त्या दिवशी हजेरीला मी "हजर" म्हणालो. रोजच्यासारखाच म्हणालो असं मला वाटलं. मधल्या सुट्टीनंतर हाक आली. "ये रे. धर टोक."

मी फिरकी धरली आणि ठरवलं, बाईंना हसवायचं. दुसऱ्या हाताला हेडमास्तर काढले. तिसऱ्या हाताला बर्फगोळेवाला. बाई काथ्या सोडत होत्या.

"माझी शिंक काढतोस म्हणे."

मी काढली. बाईंनी मन लावून ऐकली. "भुवई चांगली जमलीय," म्हणाल्या. दोरी पाच हात झाली, सहा हात झाली. मग मान खाली ठेवूनच म्हणाल्या, "बोटीचा भोंगा काढ बघू."

"मला नाय येत," मी म्हटलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्या आवाजाला नाही म्हटलं होतं. बाईंनी वर बघितलं नाही. "बरं. नाही येत तर नाही," म्हणाल्या आणि काथ्या सोडत राहिल्या.  त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर मी सुटलो असतो. आठ हात. नऊ हात. माझी पाठ विहिरीच्या कठड्याला लागली. मागं जायला जागा संपली.

"बाई," मी म्हटलं, "ती बोट नव्हती. तो डेऱ्यातला मी होतो."

बाई उठल्या. चालत माझ्यापर्यंत आल्या, तेवढ्या नऊ हातांत मी शंभर वेळा मेलो. त्यांनी पत्र्याची डबी उघडून माझ्या नाकाखाली धरली. मी किती वेळ शिंकत होतो देव जाणे. त्या पितळीतून ओढत उभ्या होत्या.

"आत्ता बोललास तो कोणाचा आवाज?" त्यांनी विचारलं.

"कोणाचा नाय."

"मग हाच घेऊन जा त्याच्याकडं." आणि पत्र्याची डबी माझ्या खिशात घातली. "काथ्या ने आणि फिरकी पण ने. तुम्हा दोघांची हजेरी माझ्याकडं लागलेली आहे."

शनिवारी मी बंदरावर गेलो. इस्माईल धक्क्याच्या टोकाला बसला होता. "कशाला आलास?" म्हणाला. मी म्हटलं, "बाईंनी दोरी वळायला सांगितलीय. धर टोक." त्यानं धरलं. दर्यावरची नजर काढली नाही, पण धरलं. दिवसभर आम्ही दोरी वळली. दहा वेळा माझ्या ओठांवर आलं आणि दहा वेळा मी गिळलं. त्याच्या आईनं दोघांना पुरेल एवढी भाकरी पाठवली होती, ती तर गिळवतच नव्हती. रविवारीही गेलो. रविवारीही गिळलं. एक बैलगाडीवाला पावसकडून आला, इस्माईल उठून पळत गेला, विचारून परत आला आणि म्हणाला, "उद्या येतील. चालत यायचं म्हणजे वेळ लागतो."

सोमवारी सकाळी दोरी बारा हात झाली तेव्हा मी सांगितलं. टोकाकडून टोकाकडं, ओरडूनच सांगावं लागलं.

"खोटं," इस्माईल म्हणाला. "मी ऐकलाय भोंगा."

"मीच वाजवला."

"खोटं. काढून दाखव."

धक्क्यावर डांबराचं एक रिकामं पिंप होतं. मी त्यात तोंड घातलं आणि काढला. लांब, आखूड, लांब. हमाल उठून उभे राहिले, पडाववाल्यांनी वल्ही उचलली, चहावाल्यानं स्टोव्हला पंप मारला. सगळं बंदर दर्याकडं बघायला लागलं. मी सांगतो, इतकी उत्तम नक्कल माझ्याकडून पुन्हा झाली नाही. फक्त एकटा इस्माईल दर्याकडं बघत नव्हता. माझ्या तोंडाकडं बघत होता.

मग त्यानं दोरी गुंडाळली आणि मला मारायला सुरुवात केली. काथ्याची ओली दोरी लागते कशी ते बाईंना बहुतेक माहीत नसावं. मी पळालो नाही. मारता मारता त्याचा हात थांबला आणि तो मटकन खाली बसला. "म्हणजे अब्बा वाटेवर नाहीत," म्हणाला. "नाहीतच." त्याला रडायचं होतं आणि समोर सगळे हमाल उभे होते. मी खिशातून डबी काढली.

आम्ही दोघं धक्क्यावर गुडघ्याला गुडघा लावून शिंकत होतो, डोळ्यांनाकांतून धारा, माझ्या पाठीवर वळ, तेव्हा चढणीवरून तीन माणसं उतरली. पुढं बाई, काखेत छत्री. मागं कोट-टोपीतले दिपोटीसाहेब. त्यांच्या मागं हेडमास्तर, रुमालानं मान पुसत.

"ही माझी राहिलेली दोन डोकी," बाई म्हणाल्या. "मोजून घ्या."

"हे काय चाललंय?" साहेब म्हणाले.

"उद्योगाचा तास."

साहेबांनी आमच्याकडं बघितलं. दोरीकडं बघितलं. वाकून ती उचलली, दोन हातांत धरून ताणली, पुन्हा ताणली. "पीळ बरा बसलाय," म्हणाले. मग इस्माईलला विचारलं, "शाळा सोडून इथं का बसतोस रे?"

"का?" असं विचारलं म्हणजे झालंच, मला वाटलं. पण इस्माईलनं नाक पुसलं. "बसत होतो," म्हणाला. "आता वर येतो."

"नाव काट करायचं ना, साहेबऽऽ?" हेडमास्तर.

"मुलगा समोर उभा आहे आणि काट कसलं करताय?" साहेब म्हणाले. मग दर्याकडं तोंड करून जरा वेळ उभे राहिले आणि बाईंना हळूच म्हणाले, "चिमूटभर तपकीर मिळेल का?"

बाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं, हजेरीला आमच्याकडं बघायच्या तसं. कमरेची पितळी डबी त्यांनी काढलीच नाही. माझ्या हातातली पत्र्याची घेतली आणि ती साहेबांपुढं धरली. साहेबांचं काय होतं कोणास ठाऊक. पण चार-पाच शिंका चांगल्या दणदणीत दिल्या त्यांनी. त्यांचीही नक्कल मला येते, पण ती मी करत नाही.

ती दोरी पुढं शाळेच्या विहिरीला लागली आणि आमच्या नंतरच्या चौथीच्या दोन वर्गांनी तिनं पाणी काढलं. बाई आता पावसला भावाकडं असतात. मागच्या महिन्यात जाऊन आलो. ओटीवर काथ्या पडलेला, समोर शेजारची एक पोरगी फिरकी घेऊन मागं मागं चाललेली, माडाच्या बुंध्यापर्यंत पोचलेली. मला बघून बाईंनी तोंडावर बोट ठेवलं. मी मुकाट्यानं पायरीवर बसलो. गप्प बसायला शिकलेला मी रत्नागिरीतला एकमेव नकलाकार असेन.

आणि इस्माईल? आजही बंदरावर भेटलो की तो मला दोरीचे वळ गेले का विचारतो. त्याचे अब्बा शिमग्याच्या सुमाराला आले, पायाला दुखापत होऊन परमुलखात इस्पितळात पडले होते. पण मला आठवते ती त्याच्या फार आधीची, त्या सोमवारनंतरची तिसऱ्या की चौथ्या दिवसाची सकाळ. बाई तेराचा पाढा घेत होत्या. तेर सक अठ्ठ्याहत्तर झालं आणि भोंगा झाला.

आख्खा वर्ग गर्रकन माझ्याकडं वळला. मी दोन्ही हात वर केले. इस्माईलनं हात वर केला नाही. तो पाटीवर मान घालून बसून राहिला. पुन्हा भोंगा. बाई बघत होत्या, पण त्याच्याकडं नाही, माझ्याकडं. त्यांनी काही सांगितलं असतं तर त्यानं लगेच ऐकलं असतं. 

"इस्माईल," मी म्हटलं, "मी नाय. हा खरा."

त्यानं मान वर करून माझ्या तोंडाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हात वर केला, बाईंनी मान हलवली, आणि तो सुटला.

अर्ध्या तासानं परत आला. बाईंकडं बघून मान हलवली, नाहीत म्हणून. बाई म्हणाल्या, "तेर सत्ते?" वर्ग म्हणाला, "एक्क्याण्णव." इस्माईल माझ्या शेजारी येऊन बसला, धापा टाकत. पाटी पुढ्यात ओढली, आणि माझ्याकडं न बघता हळूच म्हणाला,

"खरा होता."